ॲल्युमिनियमची केबल आणि रोहित्राचे अग्र : एका जोडाचा विचार

३३/११ किलोव्होल्टच्या एखाद्या ग्रामीण उपकेंद्रात ५००० केव्हीए क्षमतेचे रोहित्र उभे असते. त्याच्या ११ किलोव्होल्टच्या बाजूला तीन बुशिंगे असतात आणि तेथून ३०० चौरस मिलिमीटर छेदाची, ॲल्युमिनियमच्या वाहकांची केबल पॅनेलकडे जाते. केबलच्या तिन्ही वाहकांच्या टोकांना लग दाबून बसविलेले असतात; प्रत्येक लग बुशिंगच्या तांब्याच्या अग्राला बोल्टाने आवळलेला असतो. रोहित्राची गुंडाळी, त्याचा लोखंडी गाभा, तेल व शीतन यांवर पाठ्यपुस्तकांत प्रकरणेच्या प्रकरणे सापडतात. या तीन जोडांविषयी मात्र बहुधा परिच्छेदही सापडत नाही. ते काम वायरमनचे, किंवा फार तर केबल जॉइंटरचे, असे समजून विषय सोडून दिला जातो. वस्तुतः रोहित्र, केबल आणि पॅनेल ही तिन्ही कारखान्यात तपासून आलेली असतात. जागेवर, उघड्यावर, पावसापाण्यात तयार होणारा आणि कोणत्याही कारखान्याचा शिक्का नसलेला भाग हाच एक असतो.

प्रारंभी संज्ञेचा एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय वाङ्मयात १ किलोव्होल्टच्या वरच्या आणि सुमारे ३५ किलोव्होल्टपर्यंतच्या दाबाला मध्यम दाब म्हणतात. भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांमध्ये मात्र मध्यम दाब म्हणजे २५० ते ६५० व्होल्ट, आणि त्यापुढे ३३ किलोव्होल्टपर्यंत तो उच्च दाब, अशी विभागणी होती. जुन्या मराठी व इंग्रजी पुस्तकांतून वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यामुळे गोंधळ होतो. येथे मध्यम दाब हा शब्द पहिल्या अर्थाने घेतला आहे.

ॲल्युमिनियम का, याचे उत्तर सोपे आहे. त्याची विद्युत्-संवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. म्हणून तेवढाच रोध हवा असेल तर छेद १.६४ पट घ्यावा लागतो. परंतु त्याची घनता २.७, तर तांब्याची ८.९. हिशेब केला असता समान रोधाचा ॲल्युमिनियमचा वाहक तांब्याच्या निम्म्या वजनाचा भरतो. त्यात भारतात तांब्याचे खनिज तुटपुंजे आणि बॉक्साइट विपुल. केरळातील अलुपुरम येथे १९४३ मध्ये आणि रेणुकूट येथे १९६२ मध्ये ॲल्युमिनियमचे उत्पादन सुरू झाले, आणि पुढे या देशातील केबलींचा वाहक जवळजवळ सर्वत्र ॲल्युमिनियमचाच झाला. रोहित्राच्या बुशिंगचा दांडा मात्र तांब्याचा किंवा पितळेचा राहिला. या दोन धातूंची गाठ जेथे पडते तेथेच प्रस्तुत प्रश्न उद्भवतो.

दोन धातूंचे सपाट पृष्ठभाग एकमेकांवर दाबले म्हणजे ते सर्वत्र एकमेकांना चिकटतात, अशी सामान्य समजूत आहे. प्रत्यक्षात कितीही घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचाच असतो, आणि स्पर्श होतो तो शिखरांचा. बोल्टाने सुमारे १९ हजार न्यूटन बल लावले आणि मऊ ॲल्युमिनियमचा कठीणपणा प्रतिचौरस मिलिमीटर २५० न्यूटनांच्या आसपास धरला, तर शिखरे चेपून चेपून जेमतेम ७५ चौरस मिलिमीटर क्षेत्र एकमेकांना टेकते. लगच्या पंजाचे दिसणारे क्षेत्र हजार चौरस मिलिमीटरांचे असले तरी यात फरक पडत नाही. बल तेवढेच, तर टेकणारे क्षेत्रही तेवढेच.

पण हे ७५ चौरस मिलिमीटरही विजेला मोकळे नसतात. हवेत उघडे पडताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर. पण तो पक्का निरोधक आहे, धातूहून कितीतरी कठीण आहे, आणि त्याचा वितळणबिंदू २००० अंश सेल्सिअसच्याही वर आहे, तर खालचा धातू ६६० अंशांना वितळतो. ओल्या चिखलावर उन्हाने कडक पापडी धरावी तशी ही रचना आहे. वरून दाब दिला की खालचा मऊ धातू पसरतो, त्याबरोबर वरची पापडी तडकते, आणि त्या भेगांतून वर आलेला स्वच्छ धातू समोरच्या धातूला भेटतो. वीज जाते ती एवढ्याच वाटेने. यांत्रिक स्पर्श आणि विद्युत् स्पर्श या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात आल्यावाचून पुढचे काहीच नीट उमजत नाही.

या सूक्ष्म बिंदूंचा पद्धतशीर अभ्यास स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म (१८७९–१९७०) यांनी केला. विस्तृत धातूमधून येणारा प्रवाह एका लहानशा वर्तुळाकार बिंदूतून जाण्यासाठी आकुंचन पावतो, आणि या आकुंचनामुळे जो रोध निर्माण होतो तो धातूच्या विशिष्ट रोधाला बिंदूच्या व्यासाने भागून मिळतो. ॲल्युमिनियमचा विशिष्ट रोध २.८ × १०⁻⁸ ओहम-मीटर. म्हणून ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या एका बिंदूचा रोध सुमारे १४० मायक्रोओहम येतो. असे दहा बिंदू एकमेकांपासून पुरेशा अंतरावर असतील तर जोडाचा रोध १४ मायक्रोओहम. या दहा बिंदूंचे मिळून क्षेत्र मोजले तर ते चौरस मिलिमीटरचा एक तृतीयांशही भरत नाही. म्हणजे संपूर्ण उपकेंद्राचा भार ज्या वाटेने जातो ती वाट बाजरीच्या दाण्याहून मोठी नाही, आणि तरीही ती पुरेशी आहे. तुलनेसाठी, ३०० चौरस मिलिमीटरच्या वाहकाचा रोध दर किलोमीटरला ०.१ ओहम, म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीला १० मायक्रोओहम असतो. चांगला जोड वाहकाच्या वीतभर तुकड्याहून फारसा वाईट नसतो.

५००० केव्हीएच्या रोहित्राचा ११ किलोव्होल्ट बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह २६२ अँपिअर. १४ मायक्रोओहमांच्या जोडात यामुळे एक वॉटसुद्धा उष्णता निर्माण होत नाही. बिंदूंची संख्या घटत जाऊन रोध ४०० मायक्रोओहम झाला, तर ती उष्णता साडेसत्तावीस वॉटांवर जाते. हाताला चटका बसेल एवढी ही उष्णता खरी, पण खरा धोका तिच्यात नाही. तो जोडावरील दाबपतनात आहे.

धातूंमध्ये वीज आणि उष्णता यांचे वहन एकाच प्रकारच्या इलेक्ट्रॉनांकडून होते. त्यामुळे दोन्ही वहनांचे प्रमाण तापमानाशी बांधलेले असते. या संबंधाच्या आधारे फ्रीडरिख कोलराउश यांनी १९०० मध्ये एक सुंदर निष्कर्ष काढला, आणि होल्म यांनी तो विद्युत्-स्पर्शांना लावला : स्पर्शबिंदूचे सर्वोच्च तापमान बिंदूच्या आकारावर वा संख्येवर अवलंबून नसते, जोडावरील दाबपतन आणि सभोवतालच्या धातूचे तापमान या दोहोंवरच ते ठरते. जोडाचा बाकीचा भाग ९० अंशांवर असताना पतन ०.१ व्होल्ट झाले, तर बिंदूचे तापमान सुमारे २१० अंश होते, आणि तेथील ॲल्युमिनियम मऊ पडते. ०.३ व्होल्टला ते वितळते. २६२ अँपिअर आणि ४०० मायक्रोओहम यांचा गुणाकार ०.१०५ व्होल्ट येतो. असा जोड बाहेरून फारसा तापलेला दिसणार नाही. आतील बिंदू मात्र मऊ पडू लागलेले असतात.

हीच संख्या आता लघुमंडलाच्या प्रसंगी तपासून पाहावी. या क्षमतेच्या रोहित्राची प्रतिबाधा साधारण ७.१५ टक्के असते. ११ किलोव्होल्टच्या बाजूला जवळच लघुमंडल झाले, तर प्रवाह पूर्ण भाराच्या १४ पट, म्हणजे सुमारे ३६७० अँपिअर होतो. केबलच्या वाहकाला याचे काहीच वाटत नाही. एक्सएलपीई निरोधनाचा ३०० चौरस मिलिमीटरचा ॲल्युमिनियम वाहक एक सेकंदभर सुमारे २८ हजार अँपिअर सोसू शकतो. १४ मायक्रोओहमांच्या जोडावर पतन ०.०५ व्होल्ट, तोही सुरक्षित. पण ४०० मायक्रोओहमांच्या जोडावर ते जवळजवळ दीड व्होल्ट होते, म्हणजे वितळण्याच्या मर्यादेच्या पाचपट. महिनोन्‌महिने भार निमूटपणे वाहणारा जोड दूरच्या एखाद्या तारेवर फांदी पडल्याच्या क्षणी का उडतो, याचे उत्तर या तीन ओळींच्या गणितात आहे. चौकशीत दोष मात्र फांदीला लागतो.

जोड बिघडतो कसा, हा यापुढचा प्रश्न. येथे ॲल्युमिनियमचा दुसरा स्वभावधर्म पुढे येतो. सतत दाबाखाली ठेवलेले ॲल्युमिनियम सामान्य तापमानालाही हळूहळू वाहते. तापमान वाढले की अधिक वेगाने. यालाच विसर्पण म्हणतात. तांब्यातही ते असते, पण या तापमानांना नगण्य. बारा मिलिमीटर व्यासाचा पोलादी बोल्ट कोरड्या आट्यांनिशी ४५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळला की त्यात सुमारे १९ हजार न्यूटन ताण निर्माण होतो. हा ताण म्हणजे बोल्टाची स्प्रिंगसारखी झालेली लांबीवाढ. पकड २५ मिलिमीटरांची असेल, तर ही वाढ भरते अवघी २८ मायक्रोमीटर. माणसाच्या केसाची जाडी याच्या दुपटीहून अधिक असते. अर्थात लगचा पंजा विसर्पणाने केसाच्या निम्म्या जाडीइतका जरी दबला, तरी बोल्ट जागच्या जागी राहूनही त्यातील ताण पूर्णपणे नाहीसा होतो.

त्यात भर पडते ती प्रसरणाच्या तफावतीची. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक प्रतिअंश २३ × १०⁻⁶, तांब्याचा १७, पोलादाचा १२. दहा मिलिमीटर जाडीचा पंजा साठ अंशांनी तापला, तर तो पोलादी बोल्टाच्या तुलनेने साडेसहा मायक्रोमीटर अधिक फुगू पाहतो. बोल्ट त्याला फुगू देत नाही. म्हणून वॉशरखालचा दाब वाढतो आणि मऊ धातू तेथे कायमचा चेपतो. रात्री भार उतरला की पंजा आकुंचन पावतो, पण चेपलेली जाडी परत येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच क्रम. दररोज संध्याकाळी दिवे लागणीला चढणारा आणि मध्यरात्री उतरणारा भार जोडाला वर्षाकाठी असे तीनशे पासष्ट हेलपाटे घडवितो. ताण सैलावताच बिंदूंच्या कडांशी हवा शिरते, उघड्या धातूवर पुन्हा ऑक्साइड धरते, बिंदू लहान होतात, पतन वाढते, तापमान वाढते, आणि विसर्पणाला आणखी वेग येतो. हे चक्र प्रथम फार मंद असते आणि शेवटी फार वेगवान. मधल्या दीर्घ काळात काहीच घडत नाही असे वाटते.

हा दोष दाबाचा नव्हे, जोडाचा आहे, याची साक्ष अमेरिकेतील एका दुर्दैवी प्रकरणातून मिळते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तांबे महागल्यामुळे तेथील असंख्य घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घालण्यात आल्या. दाब १२० व्होल्ट, प्रवाह पंधरा-वीस अँपिअर. तांब्यासाठी बनविलेल्या प्लग-पेट्यांच्या स्क्रूखाली त्या तारा दाबल्या होत्या. २८ एप्रिल १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅम्प्टन बेज येथे एका घराला आग लागून दोन माणसे मृत्यू पावली. एका प्लग-पेटीतील ॲल्युमिनियमच्या तारेचा सदोष जोड हे आगीचे कारण असल्याचा निर्णय अग्निशमन अधिकाऱ्यांनी दिला. तार निर्दोष होती.

यावर उपाय म्हणून अधिक जोराने आवळणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया होय, आणि ती चुकीची आहे. बारा मिलिमीटर बोल्टाच्या नेहमीच्या वॉशरचा बाह्य व्यास २४ मिलिमीटर असतो. त्याखाली १९ हजार न्यूटन बल आले की प्रतिचौरस मिलिमीटर ५८ ते ५९ न्यूटन दाब पडतो. तापवून मऊ केलेले शुद्ध ॲल्युमिनियम मात्र ३० न्यूटनांच्या आसपासच नमते. म्हणजे पहिल्याच आवळणीत वॉशर धातूत रुततो. तेथे ३६ मिलिमीटर व्यासाचा जाड वॉशर घातला तर हाच दाब २१ न्यूटनांवर येतो. वॉशर जाड असणे महत्त्वाचे; पातळ असेल तर तो वाकतो आणि मोठ्या व्यासाचा लाभ कागदावरच राहतो. पान्याचा जोर तोच, बोल्ट तोच. केवळ एका वॉशरने धातू सुरक्षित मर्यादेत येतो.

दुसरा उपाय बशीच्या आकाराच्या स्प्रिंग वॉशरचा. फ्रान्समधील जुलियन बेल्व्हिल यांनी १८६७ मध्ये त्याचे एकस्व घेतले, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या वॉशरची बशी सपाट होताना तिचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास कमी होते, म्हणजे बोल्टाच्या लांबीवाढीच्या पंधरा-वीस पट. पंजा काही मायक्रोमीटर दबला तरी बशी तेवढी उघडते आणि बल जवळजवळ तसेच राहते. वर उल्लेखिलेल्या ०.१ व्होल्टाच्या मर्यादेचा येथे एक अनपेक्षित संबंध लागतो. बिंदू मऊ पडणे ही गोष्ट स्वतः वाईट नाही. मागून बल टिकून असेल तर मऊ पडलेला बिंदू पसरतो, त्याचे क्षेत्र वाढते आणि रोध उतरतो. जोड एका अर्थाने स्वतःला सुधारतो. मागे ताठ बोल्ट असेल आणि त्यातील ताण गेलेला असेल, तर मऊ पडलेल्या बिंदूमागे बलच नसते. बाजारात मिळणारा कापलेल्या कड्याचा साधा स्प्रिंग वॉशर हे काम करू शकत नाही. तो फार थोड्या बलाला सपाट होऊन निरुपयोगी होतो.

दरवर्षी देखभालीच्या वेळी सर्व बोल्ट 'एकदा आवळून घेणे' ही प्रथा तर सर्वांत घातक. प्रत्येक आवळणीत धातू नव्याने चेपतो, बशीचे वॉशर सपाट होतात, आणि काही आवळण्यांनंतर पंजाचाच पातळ पत्रा उरतो. शिवाय पाना ताण मोजत नाही; आट्यांतील घर्षण मोजतो. आट्यांना तेल लागलेले असेल, तर त्याच ४५ न्यूटन-मीटरला ताण १९ ऐवजी २५ हजार न्यूटन भरू शकतो. घर्षणाची स्थिती न सांगता दिलेला टॉर्कचा आकडा हा अर्धवट आकडा होय.

तांब्याशी गाठ पडल्याने उद्भवणारी अडचण वेगळ्या जातीची आहे. प्रमाणित विद्युत्-विभव पाहिले तर ॲल्युमिनियमचे −१.६६ व्होल्ट, तांब्याचे +०.३४. ओलावा मिळाला की या जोडीचा विद्युत्-घट बनतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. ऑक्साइडच्या आवरणामुळे प्रत्यक्षातील फरक दोन व्होल्टांहून पुष्कळ कमी असतो हे खरे. तथापि कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या दमट हवेत तो पुरेसा आहे. कोरड्या जागीही सुटका पूर्ण नाही. तापमान दीर्घकाळ चढे राहिले तर दोन्ही धातू एकमेकांत मिसळून ठिसूळ, कमी संवाहक असे आंतरधातू-संयुगांचे थर वाढत जातात.

म्हणून ॲल्युमिनियमचा उघडा लग तांब्याच्या अग्रावर सरळ ठेवू नये. सर्वांत चांगली योजना द्विधातू लगची. त्याची नळी ॲल्युमिनियमची, पंजा तांब्याचा, आणि दोहोंचा सांधा कारखान्यात घर्षण-वितळणाने केलेला असतो. जेथे धातू बदलतो तेथे हवा वा पाणी शिरण्यास जागाच उरत नाही. तो न मिळाल्यास कथिलाचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा लग आणि मुलामा दिलेले अग्र, किंवा दोन धातूंच्या पत्र्याचा वॉशर. हा वॉशर उलटा बसविला गेलेला अनेकदा आढळतो. त्याची ॲल्युमिनियमची बाजू लगकडे आणि तांब्याची अग्राकडे हवी. उलट बसविल्यास एका वाईट सांध्याऐवजी दोन मिळतात. केबल ॲल्युमिनियमची असता तीवर तांब्याचा लग दाबणे हा अपराध मात्र क्षम्य नाही, मग त्याला कथिलाचा मुलामा असो वा नसो. उघड्यावरील जोडात ॲल्युमिनियम वर आणि तांबे खाली असावे, हाही संकेत सकारण आहे. तांब्यावरून ओघळणाऱ्या पाण्यात त्याचे क्षार उतरतात, आणि ते ॲल्युमिनियमवर पडले की त्याला खड्डे पडतात.

लग केबलवर दाबण्याच्या कृतीकडे आता वळता येईल. वाहक एकसंध नसतो. अनेक तारांचा पीळ असतो, आणि प्रत्येक तारेभोवती तिचे स्वतःचे ऑक्साइड असते. नळीला टेकतात त्या बाहेरच्या थरातील तारा. आतील तारांचा प्रवाह बाहेर यायचा तर तारातारांमधील पापड्याही फुटायला हव्यात. म्हणूनच ॲल्युमिनियमसाठी दाबयंत्राचे बल मोठे आणि साचा लगच्या मापाशी तंतोतंत जुळणारा लागतो. एका मापाने मोठा साचा वापरून केलेला दाबजोड ओढून निघत नाही, दिसायला नीटस दिसतो, आणि आतून केवळ बाहेरच्या तारांवर चालतो. दाबण्यापूर्वी तारा पोलादी ब्रशने घासाव्यात, आणि घासताना त्यांवर जस्ताचे कण मिसळलेला ग्रीससारखा लेप असावा. म्हणजे खरवडलेला धातू क्षणभरही हवेला दिसत नाही, आणि पुढे दाबाखाली तेच कण पापडी फोडण्यास साहाय्य करतात. तांब्यासाठी वापरलेला ब्रश येथे घेऊ नये. त्याच्या केसांत तांब्याचा कीस असतो. अलीकडे ठराविक टॉर्कला डोके तुटणाऱ्या बोल्टांचे लगही वापरले जातात. त्यांत यंत्राचा व साच्याचा प्रश्न मिटतो; घासण्याचा मिटत नाही.

दाब मध्यम असल्यामुळे धातूच्या जोडाला निरोधनाची बाजू चिकटलेली असते, ती थोडक्यात अशी. ११ किलोव्होल्टच्या केबलीत वाहक व भूमी यांमधील ६.३५ किलोव्होल्ट सुमारे साडेतीन मिलिमीटर एक्सएलपीईवर सर्व बाजूंनी सारखे पसरलेले असतात, कारण बाहेरून अर्धसंवाहक आवरण असते. टोक तयार करताना हे आवरण जेथे कापले जाते, त्या कडेशी विद्युत्-क्षेत्राच्या रेषा दाटतात. तेथे क्षेत्र-नियंत्रक नळी किंवा शंकू नसेल, अथवा सुरीचा ओरखडा निरोधनावर उमटला असेल, तर अंशतः विसर्जन सुरू होऊन निरोधन पोखरले जाते. लगच्या मुखाशी पाणी शिरले तर ते पिळातील पोकळीतून केबलीत दूरवर जाते. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तापलेला लग आपली उष्णता वाहकावाटे याच टोकाला देतो. भारतीय मानक ७०९८ च्या दुसऱ्या भागानुसार एक्सएलपीईला सतत ९० अंश आणि लघुमंडलात २५० अंश एवढीच मुभा आहे. जोड बिघडला की प्रथम निरोधन होरपळते, मग ठिणगी भूमीकडे झेपावते, आणि तीत लग, बोल्ट, वॉशर सारेच वितळून जाते. उरलेल्या अवशेषांवरून अहवालात 'केबल-टोकाचे निरोधन निकामी' असे लिहिले जाते. मूळ कारणाचा पुरावा त्या ठिणगीनेच नाहीसा केलेला असतो.

रोहित्रामुळे आणखी दोन-तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ५० हर्ट्झच्या प्रवाहामुळे गाभा सेकंदाला १०० वेळा कंप पावतो, आणि तो कंप अग्रापर्यंत पोचतो. तेल तापलेले असल्यामुळे बुशिंगचा दांडा आतूनच गरम असतो. जोडाला आपली उष्णता त्या दिशेने टाकून देता येत नाही. केबलचे वजन बुशिंगवर लोंबू देऊ नये. केबल आपल्या बंधांवर उभी राहावी आणि लग अग्रापाशी सहज, ओढाताण न होता यावा. लग तिरपा येत असेल तर बोल्टाने तो खेचून बसविण्याचा मोह होतो, आणि मग पोर्सेलिनला तडा जातो. आवळताना दुसऱ्या पान्याने दांडा धरून ठेवणेही तितकेच आवश्यक. नाहीतर दांडा फिरतो, आतील जोड पिळवटतो आणि तेल पाझरू लागते.

जोड चांगला आहे हे कळायचे कसे? आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ६१२३८ क्रमांकाच्या प्रमाणकात लगच्या नमुन्यांना एक हजार वेळा तापवून थंड करण्याची कसोटी आहे. एकदा मोजून जोडाची परीक्षा होत नाही, हे तत्त्व तेथे मान्य केलेले आहे. उपकेंद्रात हजार आवर्तने शक्य नसली तरी मोजणी शक्य असते. शंभर अँपिअरचा एकदिश प्रवाह सोडून, दाब मोजणाऱ्या तारा प्रवाहाच्या तारांपासून वेगळ्या लावून, जोडाचे मायक्रोओहम मोजावेत, आणि शेजारच्या अखंड वाहकाच्या तेवढ्याच लांबीशी त्यांची तुलना करावी. तिन्ही फेजांचे आकडे एकमेकांशी पडताळल्यास संशयास्पद जोड बहुधा तत्काळ उघडकीस येतो.

अवरक्त कॅमेऱ्यावर मात्र आंधळा विश्वास टाकू नये. बंद केबल बॉक्सच्या पत्र्याआड तो पाहू शकत नाही. भार कमी असेल त्या वेळी घेतलेले चित्र निरर्थक असते. आणि चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फारच थोडे अवरक्त किरण बाहेर टाकते, त्याऐवजी आकाशाचे प्रतिबिंब दाखविते. त्यामुळे तापलेला लग चित्रात शेजारच्या रबरी नळीपेक्षाही थंड दिसू शकतो. लगऐवजी त्यावरील टेपचे किंवा नळीच्या कडेचे तापमान वाचणे अधिक भरवशाचे.

पहिल्या दिवशीचा मायक्रोओहमांचा आकडा, त्या वेळचे तापमान आणि आट्या कोरड्या होत्या की तेलकट, एवढी नोंद रोहित्राच्या वहीत असावी. पहिल्या दिवशी १४ भरलेला जोड दोन वर्षांनी १६ भरला तर त्याला हात लावू नये. ३० भरला तर पाना न लावता तो पूर्ण उघडावा, पृष्ठभाग लेपाखाली घासावेत, वॉशर नवे घ्यावेत, आणि दाबजोड संशयित वाटल्यास लग कापून नवा बसवावा. त्यासाठी केबल ओढताना टोकाशी वीतभर लांबी राखून ठेवलेली असावी लागते.